प्रश्नचिन्ह चालत नाही

फाइलच्या नावात प्रश्नचिन्ह चालत नाही. तिरकी रेघ चालत नाही, एकावर एक दोन टिंबं चालत नाहीत, शेवटी एक टिंबही चालत नाही. आणि शेवटी चुकून पडलेली मोकळी जागा तर मुळीच चालत नाही, कारण ती कुणाला दिसतही नाही. २०१५ ते २०१८ या काळात डहाणू आणि तलासरी तालुक्यांत मी जी नोकरी केली ती एवढंच सांगत फिरण्याची. कार्यकर्त्यांना सांगायचं, वकिलांना सांगायचं, मुंबईत बसून सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांना उलटून सांगायचं. लोक विचारायचे, "तू नेमकं करतेस तरी काय?" मी म्हणायचे, "नावं ठेवते."

मी मूळची पत्रकवाली. कॉलेजात असल्यापासून जमिनीच्या हक्कासाठी लढणाऱ्या आमच्या संघटनेची पत्रकं लिहिली, डहाणू रोड स्टेशनबाहेर वाटली, आठवडे बाजारात वाटली, पोलिसांच्या हातातही दिली. पत्रकात प्रश्नचिन्ह हे आमचं पहिलं हत्यार. "हा विकास कुणासाठी?" "जमीन कसणाऱ्याची की कागदाची?" एका पानावर जितकी प्रश्नचिन्हं मावतील तितकी घालायची. अशा मुलीला संघटनेने संगणकासमोर बसवलं आणि सांगितलं, आता हे चिन्ह विसर. मला ते जमलं नाही. का जमलं नाही, तेच इथे लिहिते आहे.

आधी काम सांगते, कारण "पॅकेज प्रकाशित करणं" म्हटलं की लोकांना मी पुस्तकं छापते असं वाटतं.

आमच्या भागातले लोक पिढ्यान्‌पिढ्या जंगलाच्या कडेची जमीन कसतात. कायद्याने ती त्यांच्या नावावर होऊ शकते. पण त्यासाठी दावा करावा लागतो, नकाशा लागतो, आणि "हा माणूस ही जमीन कसतो" असं सांगणारे जबाब लागतात. संघटनेचे कार्यकर्ते पाड्यापाड्यांवर जाऊन मोबाइलवर लोकांचे जबाब रेकॉर्ड करत. ते जबाब, नकाशे, फोटो मसोलीच्या आमच्या ऑफिसात येत. तिथे मी गावागावाचं एक गाठोडं बांधायचे, म्हणजे पॅकेज. ते मुंबईच्या सर्व्हरवर चढवायचं, म्हणजे प्रकाशित करणं. तिथून वकील ते उतरवून घेत आणि सुनावणीसाठी लेखी म्हणणं तयार करत.

आमच्याकडचा माणूस हे चिकूवरून लगेच समजतो. वाडीत चिकू पेटीत भरतात, पेटीवर मार्का लावतात, टेम्पो मुंबईच्या मार्केटला जातो. दलाल पेटी उघडून चिकू बघत नाही, आधी मार्का बघतो. मार्का वाचता आला नाही तर आतला चिकू कितीही गोड असो, ती पेटी कोपऱ्यात पडून सडते. फाइलचं नाव म्हणजे तो मार्का. सर्व्हर आतला माणूस ऐकत नाही, आधी नाव बघतो. नावात नको ते चिन्ह दिसलं की लाल अक्षरांत लिहितो: अवैध नाव.

'अवैध' हा शब्द आमच्या पाड्यांना नवा नव्हता. झोपडी अवैध, शेत अवैध, लाकडाची मोळी अवैध. आता नावही!

पहिली दोन वर्षं रोज काहीतरी लाल व्हायचं. एका कार्यकर्त्याने यादीत जमिनीचा नंबर तिरक्या रेघेसकट लिहिला, सरकारी कागदावर असतो तसाच. यंत्राच्या भाषेत तिरकी रेघ म्हणजे "कपाट उघडून आत जा". यंत्राने अर्ध्या नंबराचं कपाट केलं आणि उरलेल्या अर्ध्या नंबराचा कागद करून त्यात ठेवला. एका कार्यकर्तीने संमतीपत्रांच्या फाइलला इंग्रजीत 'कन्सेंट'ची पहिली तीन अक्षरं दिली. आमच्या मशीनवर ती फाइल छान उघडायची, वकिलांच्या मशीनवर गाठोडं सुटायचंच नाही. दुपारभर डोकं फोडल्यावर कळलं, ती तीन अक्षरं वकिलांच्या मशीनमधल्या प्रणालीने फार जुन्या काळापासून स्वतःसाठी राखून ठेवली आहेत. ते नाव दुसऱ्या कुणी घ्यायचं नाही. राखीव जंगल आम्हाला माहीत होतं, राखीव नावं तेव्हा कळली.

आणि वेवजीचे धनजीकाका. किराणा दुकान चालवता चालवता संघटनेचं काम करायचे. वेवजीत मोबाइल कधी महाराष्ट्राचा टॉवर धरतो कधी गुजरातचा, तशी काकांची जीभही. त्यांच्या प्रत्येक फाइलच्या नावाशेवटी टिंब. मी फोन केला.

"काका, ते शेवटचं टिंब काढा. पॅकेज अडतंय."

"टपकुं काढूं? टपकुं ना मूकीए तो नाम खुल्लुं रही जाय ने, बेन!"

टिंब नाही दिलं तर नाव उघडं राहतं! "काका, उघडंच राहू द्या," मी म्हटलं, "नाहीतर तुमचं अख्खं गाव बाहेर राहील." त्यांनी टिंबं काढली. पण पुढे प्रत्येक भेटीत विचारायचे, "बेन, अजून खुल्लुं छे?"

हसण्यासारख्या गोष्टी इथे संपल्या.

नावं कशी द्यायची याचा साचा मुंबईच्या मंडळींनी ठरवून दिला होता. गाव, मग माणसाचं नाव, मग नातं. पुरुष असेल तर अमक्याचा मुलगा. बाई असेल तर अमक्याची बायको किंवा अमक्याची मुलगी. इंग्रजी अक्षरांत. तिसरा पर्याय बाईला नव्हता. बाईने कुणाची तरी असलंच पाहिजे, नाहीतर फाइल सेव्ह होत नाही. मी पहिल्याच बैठकीत भांडले होते. उत्तर आलं, सरकारी रकान्यांशी जुळायला हवं.

आता आमच्याकडची रीत सांगते. पाड्यांवर पुष्कळ जोडपी लग्नाआधी संसार मांडतात. पळून वगैरे नाही, दोन्ही घरांच्या संमतीने. लग्न म्हणजे मांडव, गाणारी बाई, सगळ्या पाड्याला जेवण. ते जमेल तेव्हा करायचं. कधी कधी मुलीच्या मांडवात आईबापाचंही लग्न लागतं आणि त्यात कुणालाही काही वावगं वाटत नाही. तोवर त्यांना काय म्हणतात? नवराबायकोच म्हणतात. फक्त "लग्न बाकी" असं सांगतात, जसं घर बांधून झालं पण वरचे पत्रे बाकी.

आमचे कार्यकर्ते अशा बाईच्या फाइलला "अमक्याची बायको" लिहून पुढे प्रश्नचिन्ह टाकत. कुणी शिकवलं नव्हतं, एकाने केलं आणि बाकीच्यांनी उचललं. प्रश्नचिन्ह म्हणजे लग्न बाकी. ऑफिसातलं आमचं मशीन फुकटच्या प्रणालीवर चालायचं, त्याला हे चिन्ह खुपत नसे. सर्व्हरला खुपायचं. सुरुवातीला लाल अक्षरं यायची, पॅकेज थांबायचं, मी कार्यकर्त्याशी बोलून काहीतरी मार्ग काढायचे. मग मुंबईच्या मंडळींनी प्रोग्राम सुधारला. पॅकेज आता अडेनासं झालं. दर वेळी हिरवी खूण. मी म्हटलं, चला, सुटले.

दिवाळी उलटून गेली होती. डोंगराकडच्या बाजूला गवतकापणी चालू होती. झरीच्या एका पाड्याच्या दाव्यांची सुनावणी जवळ आली होती आणि वकीलबाईंनी सगळ्या जबाबांचा गोषवारा छापून पाठवला होता. तो लोकांना वाचून दाखवायला मी आणि किसन गेलो. किसन झरीचाच कार्यकर्ता. भांडखोर, तोंडाळ, आणि माझ्यासारखाच हटवादी, म्हणून आमचं जमायचं. त्या पाड्याचे सगळे जबाब त्यानेच रेकॉर्ड केले होते.

अंगणवाडीच्या ओट्यावर लोक जमले. किसन एकेकाचा जबाब वाचून त्यांच्या बोलीत सांगत होता. बायका आपापलं ऐकलं की उठून गवताकडे परत जात होत्या. शेवटी लाडकीबाय उरली. चाळिशीची बाई, कमरेला विळा, डोक्यावरच्या फडक्यात गवताच्या काड्या. ती तिच्या बोलीत बोलली, मी सगळ्यांना कळेल असं उतरवते आहे.

"आता माझा वाच."

किसनने पानं पुढे उलटली, मागे उलटली. "वहिनी, तुझा नाय दिसत."

"नाय दिसत कसा? मी बोलली ना? तू तो मोबाइल तोंडाशी धरलेला. मधीच कोंबडी ओरडली, तर तू मला पुन्हा पहिल्यापासून बोलायला लावलंस."

"मग कोंबडीचा तरी आलाय का बघ," मागून कुणीतरी म्हणालं. लोक हसले. लाडकीबाय हसली नाही.

"मी बोलली ते गेलं कुठं?"

ओट्याच्या कडेला तिचा दीर बसला होता, जान्या. तो म्हणाला, "नसेल घेतला वकिलाने. काय घेणार? लग्न का झालंय तिचं?"

त्याच्या या एका वाक्यावर सगळं अडलेलं होतं. लाडकीबाय आणि जान्याचा भाऊ वनशा यांनी वीस-बावीस पावसाळे एकत्र संसार केला. उतारावरची वरकस जमीन दोघांनी मिळून कसली, नाचणी घेतली, भात घेतला. वनशा पावसाळा संपला की गुजरातच्या बंदरात बोटीवर खलाशी म्हणून जायचा, तेव्हा जमीन ती एकटी बघायची. लग्न बाकी होतं. मुलगी सुनीता हिच्या मांडवातच आपलंही उरकायचं असं दोघांचं ठरलेलं. आदल्या वर्षी वनशा बोटीवरून ताप घेऊन घरी आला आणि गेला. त्याच्या हिश्शाच्या जमिनीवर आता लाडकीबायचं नाव लागायला हवं होतं. जान्याने हरकत घेतली की ती भावाची बायको नव्हेच, लग्न झालेलं नाही, जमीन सगळी माझ्या नावे करा. तसं झालं असतं तर लाडकीबायला सुनीताचा हात धरून माहेरच्या ओसरीवर जावं लागलं असतं, आणि माहेरी भाऊबंद आधीच दाटीने राहत होते.

"येतेस ऑफिसात?" मी तिला विचारलं. "कुठे गेलं ते शोधू."

तिने विळा अंगणवाडीच्या ताईकडे दिला आणि आली तशीच जीपमध्ये बसली.

मसोलीला पोचून मी झरीचं पॅकेज उघडलं. हिरवी खूण. लाडकीबायची फाइल त्यात नव्हती. आमच्या मशीनवर होती, धडधाकट. मग मी असं काहीतरी उघडलं जे कुणीच उघडत नाही: प्रोग्राम काम करताना स्वतःशी जे पुटपुटतो त्याची नोंद. पानंच्या पानं असतात. खाली, अगदी शेवटी, बारीक अक्षरांत होतं: अवैध नावाच्या फाइली वगळून पॅकेज यशस्वीरीत्या प्रकाशित.

वगळून. यशस्वीरीत्या. पत्रकात असं वाक्य शत्रूच्या तोंडी घालतानाही मी दोनदा विचार केला असता.

मुंबईत प्रोग्राम सांभाळायचा निखिल. माझ्याच वयाचा, सभ्य, हुशार मुलगा. मी फोन लावला आणि स्पीकरवर टाकला.

"अगं, लोकांच्याच तक्रारी होत्या," तो म्हणाला. "एका फाइलमुळे अख्खं पॅकेज अडायचं. म्हणून आता वाईट फाइल सोडून बाकीचं जातं."

"वाईट फाइल माझ्या शेजारी बसलीय. पाणी पितेय."

तो म्हणाला, "सॉरी. पण सोपं आहे ना? ते प्रश्नचिन्ह पूस. एक बटण. पुन्हा प्रकाशित कर. दोन मिनिटांचं काम."

"मी नाय पुसू देणार," किसन मधे पडला.

"का?"

"साहेब, प्रश्नचिन्ह पुसलं की राहिलं काय? वनशाची बायको, लग्न झालेली. जान्या तिथं उभा राहून पहिलं तेच वाचायला लावेल. म्हणेल, बघा, पहिल्याच ओळीत खोटं. मग तिचं बाकीचं कोण ऐकंल?"

"मग दुसरा पर्याय टाका. अमक्याची मुलगी."

"म्हणजे जान्याच जिंकला," मी म्हटलं. "बापाची मुलगी, मग बापाच्या घरी जा. निखिल, या बाईबद्दल तुझ्या साच्यात एकच खरी गोष्ट आहे. ते प्रश्नचिन्ह."

"पण ते चिन्ह कुठलीच प्रणाली घेणार नाही, मी काय करू!" तो पहिल्यांदाच चिडला. "नियम मी नाही केलेला."

हे वाक्य मी सगळ्या कचेऱ्यांत ऐकलं आहे. पण इथे तो खरं बोलत होता. चिन्हाचा नियम त्याने केलेला नव्हता. नात्याचा साचा मात्र आमच्या लोकांनी केलेला होता आणि तो बदलता येत होता. मी म्हटलं, "नावात माणूस कोंबायचाच कशाला? फाइलला नुसता नंबर दे. पेटीवर नुसता मार्का. माणसाचं नाव, नातं, जे काय असेल ते आतल्या वर्णनात लिहू. तिथे कुठलंही चिन्ह चालतं."

"सगळा प्रोग्राम नावातूनच नातं वाचतो. सगळ्या जिल्ह्यांचा. महिने लागतील."

"सुनावणी याच आठवड्यात आहे."

"मग जबाब वकिलांना सरळ मोबाइलवरून पाठव."

ते चालणार नव्हतं, आणि त्यालाही ते माहीत होतं. पॅकेजमधली फाइल कुणी, कधी रेकॉर्ड केली आणि नंतर तिला कुणाचा हात लागला का, हे दाखवता येतं. सुटी फाइल दिली की समोरचा म्हणतो, ही काल बनवली.

लाडकीबाय इतका वेळ फोनकडे बघत होती. तिला आमची भाषा कळत होती, विषय कळत नव्हता. तिने विचारलं, "तो पोऱ्या माझा ऐकला का?"

त्याने ऐकला नव्हता. मीही ऐकला नव्हता. शेकडो फाइली हातातून जातात, मी नावं बघायची, आतलं वकील बघायचे. मी फोन संगणकाजवळ धरला आणि तिची फाइल लावली.

आधी कोंबडी ओरडली. मग तिचा आवाज. जमिनीच्या चार बाजूंना काय आहे, कुठला बांध तिने घातला, कुठलं झाड वनशाने लावलं. मग त्याचं आजारपण. मग, काहीच बदल नाही अशा त्याच आवाजात: "तो गेला त्यावर दिवस घातले. माझी जाव, जान्याची बायको, मला ओढ्यावर नेली. दगडावर हात ठेव म्हणाली. मी ठेवला. तिनं माझ्या बांगड्या फोडल्या. हिरव्या होत्या. एक काच हाताला लागली तर तिनंच हळद लावली. मंग मी दुसऱ्या दिवशी जमिनीवर गेली, नाचणी काढायची होती."

फाइल संपली. मी किसनकडे बघितलं. "हे तू आधी का नाही बोललास?"

"काय?"

"बांगड्यांचं!"

"त्यात काय बोलायचं?" त्याला खरंच कळत नव्हतं. "नवरा मेला की फोडतातच. अख्ख्या पाड्याला माहीत हाय."

अख्ख्या पाड्याला माहीत होतं, म्हणून कुणी बोललं नव्हतं. जान्याच्याच घराने तिला विधवा ठरवलं होतं. ज्या बाईला बायको मानत नाही, तिच्या बांगड्या कशाला फोडल्या? हा प्रश्न विचारणारं एकमेव ठिकाण म्हणजे ती सुनावणी. आणि तिथे पोचणारी एकमेव गोष्ट म्हणजे ही फाइल, जी "वाईट" म्हणून सोडून दिली होती.

फोनमधून निखिल म्हणाला, "मला संध्याकाळपर्यंत वेळ दे."

त्याने महिने लागणारं काम एका दुपारी कसं केलं, ते तांत्रिक लोकांसाठी सांगते: पूर्ण केलं नाहीच. जुनी नावं तशीच चालू ठेवली आणि शेजारून नुसत्या नंबरांना वाट करून दिली, आणि त्या वाटेवर अवैध नाव आलं तर वगळून पुढे न जाता पूर्वीसारखं लाल होऊन थांबायचं ठेवलं. सुंदर काम नव्हतं. आमच्या पाड्यांवरच्या पायवाटेसारखं होतं, जिथून माणूस जातो तिथून. मी लाडकीबायच्या फाइलला नंबर दिला, आतल्या वर्णनात लिहिलं, "लाडकी, वनशाची बायको?", आणि बटण दाबलं.

लाल. अवैध नाव.

नंबराच्या शेवटी मोकळी जागा पडली होती. मीच टाकलेली. वर्षानुवर्षं दुसऱ्यांना ओरडले होते त्याबद्दल. किसन असा हसला की शेजारच्या फुगे बनवणाऱ्या कारखान्यातल्या बायका खिडकीशी आल्या. जागा पुसली, पुन्हा दाबलं, हिरवं झालं. या वेळी मी हिरव्यावर विश्वास ठेवला नाही. पॅकेज दुसऱ्या मशीनवर उतरवून घेतलं, उघडलं, आणि कोंबडी ओरडेपर्यंत थांबले.

सुनावणी डहाणूच्या कचेरीत होती. आमचा पाडा बाहेर झाडाखाली बसला, नावं पुकारली की आत. लाडकीबायच्या वेळी मी वकीलबाईंच्या मागे उभी होते. जान्याने अपेक्षेप्रमाणे सांगितलं, "साहेब, लग्न झालेलं नाय. कुणालाही विचारा." आम्ही नाकारलं नाही. वकीलबाई म्हणाल्या, "बरोबर. लग्न बाकी होतं, आमच्या नोंदीतही तसंच आहे." जान्या गोंधळला. तो खोटं पकडायला आला होता आणि खोटं नव्हतंच.

मग त्यांनी जबाबातला बांगड्यांचा भाग वाचला. साहेबांनी मान वर केली. "हे कुणी केलं म्हणता?"

जान्याची बायको दाराशीच उभी होती. पदर डोक्यावर, घाबरलेली. तिला पुढे बोलावलं. साहेबांनी साध्या आवाजात विचारलं, "बाई, यांच्या बांगड्या तुम्ही फोडल्या?"

तिने नवऱ्याकडे बघितलं. मग लाडकीबायकडे बघितलं. दोघी एकाच ओढ्यावर पाणी भरणाऱ्या, एकाच घरात नांदलेल्या. "व्हय साहेब," ती म्हणाली. "रीत हाय. नवरा मेला मंग फोडाव्याच लागतात."

"कुणाचा नवरा?"

"हिचा."

जान्या खाली बघत होता. साहेबांनी लिहिणाऱ्याला सांगितलं, "पत्नी लिहा," आणि पुढचं नाव पुकारायला लावलं. बाहेर झाडाखाली दोघी जावा शेजारी बसल्या. जान्याच्या बायकोने भाकरीचं फडकं सोडलं तेव्हा अर्धी भाकरी न विचारता लाडकीबायपुढे ठेवली, आणि तिने ती घेतली.

मला हे इथेच थांबवता आलं असतं. पण दुसऱ्याच दिवशी मी एक काम केलं आणि ते अजून माझ्या मानेवर बसलेलं आहे. प्रोग्राम सुधारल्यापासूनच्या सगळ्या पॅकेजांच्या पुटपुटण्याच्या नोंदी उघडल्या. दर वेळी हिरवी खूण, आणि खाली बारीक अक्षरांत, वगळून. टिंबं होती, मोकळ्या जागा होत्या. पण सगळ्यांत जास्त काय होतं सांगू? प्रश्नचिन्हं. म्हणजे बायका. लग्न बाकी असलेल्या, जमीन कसणाऱ्या, मोबाइलसमोर नीट बसून बोललेल्या बायका. काहींच्या सुनावण्या व्हायच्या होत्या, त्यांच्या फाइली आम्ही धावाधाव करून पाठवल्या. काहींच्या होऊन गेल्या होत्या. "जबाब दिला नाही," असं त्यांच्यापुढे लागलेलं होतं. आम्ही अपिलं केली, काही चालली, काही नाही. मी त्या पाड्यांवर गेले. एकीने मला चहा पाजला आणि विचारलं, "मी काय चुकीचं बोलली होती काय?" मी तिला फाइलच्या नावांचे नियम समजावत बसले. इतकं लाजिरवाणं भाषण मी आयुष्यात केलेलं नाही, आणि मी पुष्कळ भाषणं केली आहेत.

म्हणून आज कुणी तरुण मुलं "समाजासाठी ॲप" बनवतो म्हणून सल्ला मागायला येतात, तेव्हा मी त्यांना एकच सांगते. तुमचं यंत्र अडलं तर अडू द्या. लाल होऊ द्या, बोंबलू द्या. पण ज्याला आत घेतलं नाही त्याचं नाव खाली बारीक अक्षरांत लिहून वर हिरवी खूण करू नका. हे सरकारला जमतं. तुम्ही शिकू नका.

हिवाळ्याच्या अखेरीला मी पुन्हा झरीला गेले. लाडकीबायच्या अंगणात सुनीताच्या लग्नाच्या मांडवासाठी मेढी पुरलेल्या होत्या. सगळ्या नोंदी नव्या पद्धतीत आणायच्या होत्या, म्हणून मी लॅपटॉप घेऊन ओट्यावर बसले आणि तिला विचारलं, "बाय, साहेबांनी पत्नी लिहिलं आता. आपल्या नोंदीत तुझ्या नावापुढे अजून ते चिन्ह आहे. काढून टाकू?"

"कसलं चिन्ह?"

मी पडद्यावर बोट ठेवून दाखवलं. तिने ते वाकडं चिन्ह नीट बघितलं, विळ्यासारखं आहे म्हणाली. अर्थ सांगितला तेव्हा तिने मांडवाच्या मेढींकडे बघितलं. याच मांडवात तिचं आणि वनशाचंही व्हायचं होतं.

"राहू दे," ती म्हणाली. "बाकी हाय तं बाकी हाय. झालं असं कसं लिवशील?"

मी लॅपटॉप मिटला. आत कुणीतरी सुनीताला हळदीसाठी हाक मारत होतं.